शेवटचा शब्द कुणाचा

आमच्या बँडमध्ये पाच जण आहेत आणि पाचही जणांना गाण्यातलं कळतं. त्यामुळे गाणं कुणाच्या म्हणण्याप्रमाणे बांधायचं, हे ठरवायला आम्हाला काही वर्षं लागली. मधल्या काळात बँड मोडायची वेळ आली, एक चांगला वादक निघून गेला आणि परत आला, आणि मग हळूहळू एक पद्धत बसली. ती कशी बसली ते सविस्तर लिहिते आहे. खानापूरपासून निपाणीपर्यंत आता स्वतःची गाणी करणारी बरीच मुलं-मुली भेटतात, आणि कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: तुमच्यात ठरवतं कोण?

मी बेळगावातल्या शहापूरची. पेटी वाजवते, गाते आणि चाली लावते. बेळगावात पेटी शिकलेल्या माणसाला एक अभिमान असतो. रामभाऊ विजापुऱ्यांनी याच गावात राहून पेटीला साथीच्या पलीकडचा मान मिळवून दिला. त्या हवेत वाढल्यामुळे साथीचं वाद्य म्हणजे मागे बसून हुकूम पाळायचं वाद्य, हे मला कधीच पटलं नाही.

बाकीच्या चौघांची नावं लिहीत नाही, आम्ही एकमेकांना ज्या नावांनी हाक मारतो तीच लिहिते. गिटारवर दादा. वडगावचे, घरचे यंत्रमाग आहेत, वयानं सगळ्यांत मोठे. बेसवर तम्मा. तो बैलहोंगल तालुक्यातला, घरची भाषा कानडी, उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि मला अक्का म्हणतो. शब्द मास्तरांचे. खानापूर तालुक्यात शाळेवर आहेत, गातातही चांगले. आणि तालाला येळ्ळूरचा एक मुलगा, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत मोठा झालेला, म्हणून आम्ही त्याला बुवा म्हणतो. ढोलकी, पखवाज, काहोन म्हणजे हातानं वाजवायचा लाकडी खोका, टाळ, जे लागेल ते तो वाजवतो. तालीम दादांच्या माडीवर, संध्याकाळी माग बंद झाले की. माग चालू असताना माडीवर आपण काय बोलतो तेसुद्धा ऐकू येत नाही.

या बँडच्या आधी मी एका ऑर्केस्ट्रात होते. तिथे गाण्याच्या मधले तुकडे, अंतऱ्याकडे जाणारे सूर, शेवटची तिहाई असं बरंच मी बसवून दिलं. स्टेजवरून संगीत संयोजन म्हणून कायम एकाच माणसाचं नाव घेतलं जाई, आणि ते माझं नसे. पैसे वेळेवर मिळायचे, वागणूकही वाईट नव्हती. पण आपण घडवलेली जागा दुसऱ्याच्या नावानं लोकांपुढे जाते आणि पुढच्या वेळी ती जागा बदलायचा अधिकारही आपल्याला नसतो, हे आत कुठेतरी लागतं. म्हणून स्वतःचा बँड करताना मी आग्रह धरला, की इथे एक कुणी मालक नसेल.

मग सुरुवातीला आम्ही सगळं मतांवर टाकलं. ठेका कुठला, मुखडा किती वेळा, गिटार कुठून यायचं, सगळ्याला हात वर. ऐकायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक गाण्यात तीन जण खूश आणि दोन जण गप्प, आणि गप्प बसलेले दोघं वाजवताना हातचं राखून वाजवायचे. मुद्दाम नव्हे, मनच लागायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे गाणी एकसारखी व्हायला लागली. ज्या जागेवर कुणाचीच हरकत नाही तीच जागा टिकायची, आणि कुणाचीच हरकत नसलेली जागा बहुतेक वेळा सपक असते.

बुवा गेला तो याच काळात. एका गाण्याला त्याला भजनी ठेका हवा होता, पण नेहमीच्या लयीत नाही, अर्ध्या लयीत, जवळजवळ थांबल्यासारखा. त्यानं ते तोंडी सांगितलं. आठ मात्रा आहेत, म्हणजे शेवटी चार-चारचा फोर-फोरच की, मग वेगळं काय होणार, असं कुणीतरी म्हणालं. मत घेतलं. पडलं. तो एवढंच म्हणाला, "वाजवून तर बघायचं होतं की." पुढचा पावसाळाभर तो आलाच नाही. आषाढीची भजनं होती, गावात काम होतं, कारणं खरी होती, पण खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्याला परत आणायला दादा येळ्ळूरला गेले. तो यायला तयार झाला, एका अटीवर. वाजवून बघितल्याशिवाय कुणी नको म्हणायचं नाही. कुणी काही सुचवलं तर ते पूर्ण मनानं, सगळ्यांनी, मुखड्यापासून अंतऱ्यापर्यंत एकदा वाजवायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं आणि मग बोलायचं. आमचा पहिला नियम हा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. तोंडी सांगितलेला ठेका आणि हातातून आलेला ठेका यांत फार अंतर असतं. ज्याला शब्दांत मांडता येतं त्याचीच कल्पना जिंकते, आणि ज्याला फक्त वाजवून सांगता येतं तो हरतो. आमच्यात मास्तर बोलण्यात तयार, बुवा बोलण्यात कच्चा. मतदानात बुवा दर वेळी हरणार हे ठरलेलंच होतं. त्याचा तो अर्ध्या लयीतला भजनी ठेका आज त्या गाण्यात आहे आणि गाणं त्याच ठेक्यासाठी ओळखलं जातं.

दुसरा नियम बसायला जास्त वेळ लागला. गाणं जो घेऊन येईल, त्या गाण्यापुरता शेवटचा शब्द त्याचा. चाल माझी असेल तर माझा, मास्तरांनी शब्दांबरोबर चालही आणली तर त्यांचा, दादांच्या गिटारच्या तुकड्यावरून गाणं उभं राहिलं तर दादांचा. बाकीच्यांनी हवं ते सुचवायचं, भांडायचं, वाजवून दाखवायचं, पण शेवटी त्यानं जे ठरवलं ते मनापासून वाजवायचं. पुढचं गाणं दुसऱ्याचं असतं, तेव्हा तुमची पाळी येते.

याला जोडून तिसरी गोष्ट आली, जी तम्मानं मांडली. तो म्हणाला, "अक्का, शेवटचा शब्द तुझा, ते बरोबर. पण माझ्या बोटांनी कुठला सूर वाजवायचा ते तू सांगू नको. कमी कर म्हण, थांब म्हण, इथे नको म्हण. सूर मी शोधतो." हे मला लगेच पटलं, कारण ऑर्केस्ट्रात मला हेच हवं होतं. ज्याचं गाणं, तो चौकट ठरवतो: लय, पट्टी, लांबी, कुठे भरगच्च आणि कुठे मोकळं. त्या चौकटीत प्रत्येकाचा हिस्सा ज्याचा त्याचा.

या सगळ्याची परीक्षा जात्यावरच्या गाण्यात झाली.

माझी आजी दळताना ओव्या म्हणायची. शब्द मला फार थोडे आठवतात, चाल मात्र पक्की आठवते. तीन-चार सुरांतच फिरणारी, शुद्ध गंधारावर येऊन टेकणारी. मी ती एकदा तालमीच्या आधी पेटीवर सहज वाजवत होते. तम्मा बेस सुरात लावत होता, तो थांबला आणि म्हणाला की त्याची आई दळताना असंच काहीतरी म्हणते. मग त्यानं ते गुणगुणून दाखवलं. कानडी बायकांची दळणाची पदं बहुतेक त्रिपदीत असतात, तीन ओळींचं वृत्त, आणि गाताना मधली ओळ परत घेतात. मास्तरांना हे वृत्त माहीत होतं. बदामीला इसवी सन 700च्या आसपासचा कप्पे अरभट्टाचा शिलालेख आहे, त्यातसुद्धा त्रिपदी आहे, हे त्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं. तेराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं वृत्त तम्माच्या आईच्या तोंडी आहे, हे ऐकून आम्ही सगळेच थोडा वेळ नुसते बसलो. आमची ओवी साडेतीन चरणांची, त्यांची त्रिपदी तीन ओळींची. दोन्ही जात्याच्या फेऱ्यावर बसणाऱ्या आणि दोन्ही बायकांच्या. गाणं करायचंच हे तिथल्या तिथे ठरलं.

पण आमचा नियम इथे अडला. गाणं कुणी आणलं? ओवीची चाल माझ्याकडून आली, त्रिपदीची तम्माकडून. मराठी शब्द मास्तर नव्यानं लिहिणार, कानडी पद तम्माच्या आईचं, म्हणजे खरं तर कुणा एकाचं नाहीच. शेवटचा शब्द द्यायचा कुणाला? तम्माला आणि मला मिळून असं आधी ठरवलं, आणि दोन तालमींतच कळलं की मिळून म्हणजे रोज वाटाघाटी. मला मुखडा संथ हवा, त्याला पदाच्या वेगानं जायला हवं. मला ओवीवर संपवायचं, त्याला पदावर.

तोड दादांनी काढली. ओवीच्या भागात शेवटचा शब्द माझा, त्रिपदीच्या भागात तम्माचा, आणि दोन्हींमधला सांधा बुवाचा. ज्याची दोन्हींपैकी एकही चाल नाही, त्यानं दोन्ही जोडायच्या. मी हे आजवर ज्या ज्या मुलांना सांगितलं, त्यांना आधी विचित्र वाटलं. पण गाण्यात भांडण बहुतेक वेळा सांध्यावरच होतं. मुखड्यातून अंतऱ्यात जाताना, लय बदलताना, एका गायकाकडून दुसऱ्याकडे जाताना. तिथे दोन्हीकडच्यांना आपली बाजू सोडवत नाही. तिसऱ्याला ऐकू येतं.

बुवानं काय केलं ते जवळून सांगते. आम्ही सगळे दादरा धरून बसलो होतो, धा धी ना, धा ती ना, सहा मात्रा, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, तम्माचा भरदार षड्ज. चांगलं वाजत होतं, पण झोपाळ्यासारखं सरळ वाजत होतं. बुवानं थांबवलं. जातं असं फिरत नाही, म्हणाला. खुंटा आपल्याकडे ओढताना जोर लागतो, मग पलीकडची अर्धी फेरी ते आपल्या वजनानं जातं. त्यानं तम्माला सांगितलं, "सम तू सोड. सम मी नुसत्या टाळानं घेतो. तू खालीला ये." खाली म्हणजे तालातली हलकी जागा, दादऱ्यात चौथी मात्रा. म्हणजे बेस चौथ्या मात्रेवर. तम्मानं पहिल्या दोन आवर्तनांत चुकून समेवरच मारलं, बोटांना सवयच ती. तिसऱ्या आवर्तनाला त्यानं सम मोकळी सोडली आणि चौथीवर षड्ज ठेवला, आणि एकदम दगडाला वजन आलं. खाली हलकी असायची तिथे सगळ्यात जड सूर, आणि सम, जिथे सगळे येऊन पडतात, तिथे फक्त टाळाचा एक बारीक नाद. मी गाता गाता दादांकडे बघितलं तर ते वाजवायचं सोडून ऐकत होते. ओवीतून त्रिपदीत जाताना मग वेगळं काही करावंच लागलं नाही. तोच जड सूर पकडून दोन्ही चाली फिरायला लागल्या.

दादांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना मध्ये गिटारचे मोठे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर, हवे होते, गाणं चढवत न्यायला. आम्ही नियमाप्रमाणे पूर्ण वाजवलं, ऐकलं. ओवीच्या भागात मला ते नको होतं आणि मी नको म्हणाले. त्याचं एक कारण आवडीचं होतं आणि एक सुरांचं. माझ्या ओवीत शुद्ध गंधार, तम्माच्या पदात कोमल गंधाराचा स्पर्श. मेजर कॉर्ड धरला की तो शुद्ध गंधाराला पक्का करतो आणि पदातला कोमल सूर चुकीचा वाटायला लागतो. मायनर धरला की माझी ओवी उदास होते. दादा नाराज झाले, पण पुढच्या तालमीला त्यांनी स्वतःच उपाय आणला. कॉर्डमधून गंधारच काढून टाकला. नुसते षड्ज-पंचम, तेही एकेक तार छेडून. मी हे सुचवलंच नसतं, मला सुचलंच नसतं. मी फक्त कॉर्ड नको एवढं म्हणाले होते, बाकी त्यांचं त्यांनी शोधलं. त्या रिकाम्या ठेवलेल्या गंधारात मग ज्याचा त्याचा सूर बसायला जागा झाली.

पट्टीचाही प्रश्न असाच सुटला. मी काळी चारला, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून गाते. कानडी पद कुणी गायचं? मला वाटत होतं मास्तरांनी गावं, त्यांचा गळा तयार आहे आणि उच्चारही ते शिकून घेतील. तम्मा म्हणाला, तो गाईल. तो कधी स्टेजवर गायलेला नव्हता. दोघांनी गाऊन बघितलं, रेकॉर्ड ऐकलं. मास्तरांचं सुरेल होतं यात शंका नव्हती. पण त्या भागात शेवटचा शब्द तम्माचा होता आणि त्यानं स्वतःला निवडलं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही एखाद्या कार्यक्रमात त्याचा आवाज वर जाताना थरथरला की मास्तर आठवतात. पण ते त्याच्या आईचं पद आहे, आणि ते कसं गावं हे ठरवायचा अधिकार माझ्यापेक्षा त्याला जास्त आहे. त्याला काळी एक सोयीची. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, म्हणजे माझ्या मध्यमावर त्याचा षड्ज. स्त्री-पुरुषांच्या आवाजांची ही जुनी सोय आहे. दादा गिटारच्या पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून माझ्या भागात जीची बोटं धरतात, तम्माच्या भागात सीची, कॅपो हलवावा लागत नाही. सूर मात्र सगळ्यांनी माझ्या पेटीला लावायचा. ट्यूनरवर 440 हा नेहमीचा प्रमाण सूर दिसेल, पण माझी पेटी किंचित चढी आहे आणि तिचे सूर स्टेजवर उतरवता येत नाहीत.

मास्तरांचं एक म्हणणं बाकी होतं आणि ते महत्त्वाचं होतं. त्यांचं घर सीमालढ्यातलं. 17 जानेवारीचा हुतात्मा दिन त्यांच्या घरी मनापासून पाळला जातो. कानडी पदाला त्यांचा विरोध नव्हता. ते वर्गात कानडी मुलांनाही शिकवतात, तम्माच्या आईच्या हातचं जेवलेले आहेत. त्यांची भीती अशी, की गाणं बाहेर गेलं की कुणीतरी त्याचा फलक करणार, बघा दोन भाषा कशा नांदतात, आता भांडण कशाला, असं म्हणत. ज्या माणसांनी आयुष्य या प्रश्नात घातलं, त्यांच्यावर आपलं गाणं वापरलं जाऊ नये. तम्मानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, त्यालाही तसलं काही नको आहे, त्याच्या गावातही लोक उलटा अर्थ काढतील. मग ठरलं की या गाण्याआधी स्टेजवरून निवेदन नाही. ओवी आणि दळणाचं पद, एवढंच सांगायचं. आणि 1 नोव्हेंबरला बँडचा कार्यक्रम घ्यायचा नाही, कुणीही बोलावलं तरी. त्या दिवशी इथे एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस. ज्याला जिथे जायचं तिथे त्यानं जावं, बँड म्हणून आम्ही कुठेच उभे राहत नाही. कुठल्या स्टेजवर उभं राहायचं यात मात्र शेवटचा शब्द कुणाचाच नाही. एकानं नको म्हटलं की नको. वाजवून बघायचा नियमही इथे लागू नाही.

आता पैशांचं आणि नावाचं. हे गोड वाटत नाही म्हणून लोक टाळतात, आणि टाळलेलं नंतर महाग पडतं. कायद्यानं गाणं म्हणजे एक वस्तू नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, दोन्हींचे हक्क वेगळे, कर्त्याच्या हयातीनंतर 60 वर्षं. रेकॉर्डिंगचा हक्क तिसरा, तो ज्यानं ध्वनिमुद्रण करवून घेतलं त्याचा. आणि संगीतरचनेची मांडणी, म्हणजे ज्याला आपण अरेंजमेंट म्हणतो, ती मूळ रचनेचं रूपांतर धरली जाते. याचा अर्थ असा, की तुम्ही आधी काही लिहून ठेवलं नाही तर चाल लावणाऱ्याच्या हातात बरंच काही राहतं आणि बुवासारख्याच्या हातात वादक म्हणून असलेला हक्क तेवढा राहतो. 2012च्या दुरुस्तीनं वादक-गायकांचे हक्क बळकट झाले, आपलं नाव दिलं जावं हा हक्कही त्यात आला, ही मोठी गोष्ट आहे. पण चौथ्या मात्रेवर बेस आणण्याची कल्पना चालीचा भाग मानायची की वादनाचा, हे कायदा तुमच्या माडीवर येऊन ठरवणार नाही. ते आपणच ठरवायचं.

आमचं असं ठरलं आहे. गाण्याचा अर्धा वाटा शब्दांचा, तो शब्द लिहिणाऱ्याचा. चालीच्या अर्ध्यातला निम्मा चाल आणणाऱ्याचा, आणि उरलेला निम्मा पाचांत सारखा, मग कुणाचं काम जास्त दिसो वा कमी. कार्यक्रमाचे पैसे गाडी, डिझेल आणि साउंडवाल्याचे वजा करून पाचांत सारखे. रेकॉर्डिंगवर संगीत संयोजन म्हणून बँडचं नाव, आणि खाली कुणी काय वाजवलं ते. दादांचं म्हणणं होतं की चालीचा सगळाच वाटा पाचांत सारखा असावा. मला ते मान्य झालं नाही. चाल सुचणं हे एकट्यानं, रात्री पेटीचा भाता अर्धा दाबून केलेलं काम आहे, आणि त्याला काही वेगळं मोल हवंच. पण तिला गाणं करणं हे पाचांचं काम आहे, म्हणून निम्मा. यावर भांडण झालं आणि ते चांगल्या मनानं झालं.

जात्याच्या गाण्यात दोन्ही चालींपुढे पारंपरिक असं लिहिलं. आजीची चाल माझी नव्हे. तिनं ती दुसऱ्या कुणाकडून घेतली, त्या बाईनं आणखी कुणाकडून. तम्माच्या आईला मात्र आम्ही विचारलं. कायद्यानं विचारायची गरज नसेल, पण पद तिच्या तोंडचं होतं. ती हो म्हणाली, आणि एका ओळीची चाल तम्मा चुकीची गात होता ती तिनं दुरुस्त करून दिली. हा सगळा करार आम्ही आधी साध्या कागदावर आमच्या मराठीत लिहिला, मग ओळखीच्या वकिलाकडून नीट करून घेतला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969पासून गीतकार-संगीतकारांसाठी काम करते. तिथे गाणं नोंदवताना कुणाचा किती वाटा हे लिहावंच लागतं, तेव्हा आधी ठरलेलं असलं की बरं.

मिक्सिंगबद्दल थोडं सांगते, कारण तिथे पुन्हा सगळे मालक होतात. प्रत्येकाला आपलं वाद्य जरा वर हवं असतं आणि प्रत्येकाचं खरंही असतं. त्याला स्वतःचं कमीच ऐकू येतं. आता ज्याचं गाणं तो एकटा इंजिनिअरजवळ बसतो. बाकीच्यांनी मिक्स घरी, गाडीत आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी लेखी कळवायचं, आपल्या वाद्याबद्दल नाही, दुसऱ्याच्या वाद्याबद्दल. बुवानं लिहावं बेस कमी वाटतोय, तम्मानं लिहावं टाळ टोचतोय. ही युक्ती मास्तरांची, शाळेत ते मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला देतात.

कार्यक्रमात कुठली गाणी घ्यायची याचं अजून पुरतं जमलेलं नाही. कोल्हापूरला गेलो की वेगानं चढणारी मराठी गाणी मागतात, धारवाडला लोक शांत बसून ऐकतात आणि तम्माचं पद परत घ्यायला लावतात, चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो की लोकांना नाचायचं असतं. सध्या ज्याच्या ओळखीनं कार्यक्रम मिळाला तो यादी करतो. मला हे योग्य वाटत नाही, कारण ओळख दादांची जास्त आणि बुवाची कमी. यावर बोलणं चालू आहे.

कुणी बँड सोडला तर काय, हेही लिहून ठेवलं आहे. त्याची गाणी बँड वाजवू शकतो, त्याचा वाटा त्याला जात राहतो, पण त्या गाण्याची मांडणी त्याला विचारल्याशिवाय बदलायची नाही. ही शेवटची ओळ बुवानं घातली.

सध्या त्याचंच गाणं चालू आहे. त्यानं आणलेलं पहिलं गाणं. त्यात चाल जवळजवळ नाहीच, पखवाजाचे बोल आणि त्यावर मास्तरांचे शब्द, बोलल्यासारखे. शेवटचा शब्द त्याचा, त्यामुळे चौकट त्यानं सांगितली: पहिल्या दोन अंतऱ्यांत पेटी नको. मी पेटीनं धरलेला षड्ज घालून बघूया म्हटलं. नियमाप्रमाणे सगळ्यांनी पूर्ण वाजवलं, ऐकलं, आणि तो नको म्हणाला. तोपर्यंत मी टाळ धरायचा, असं त्यानं सांगितलं आहे. पखवाजाच्या बोलांवर टाळ नेमका कुठे उघडा ठेवायचा आणि कुठे दाबायचा ते तो मला शिकवतो आहे. तिसऱ्या अंतऱ्याला पेटी कुठल्या सुरावरून आत येणार, ते मात्र मी शोधते आहे.